मशीन नंतर, आधी धार

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. 'पंधरा-वीस वर्षांनी हौसेचं सुतारकाम पुन्हा सुरू करायचंय, कोणती मशीन घेऊ?' माझं उत्तर ठरलेलं आहे: इतक्यात एकही नको. जुनी पटाशी आणि रंधा बाहेर काढा. हात विसरलेला नसतो, धार गेलेली असते. बोथट पटाशीला जोर लावावा लागतो, जोर लावला की ती घसरते आणि लाकूड किंवा बोट, दोन्हींपैकी एक जातं.

वरवरचा गंज तेल आणि बारीक पॉलिश पेपरने निघतो. धारेजवळ खड्डे पडले असतील तर मात्र त्यांच्या मागेपर्यंत पातं घासावंच लागतं, नाहीतर प्रत्येक खड्डा लाकडावर एक ओरखडा सोडतो. हे ग्राइंडरवर करत असाल तर पातं सतत पाण्यात बुडवा. कड निळी पडली की तिथलं पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरलं, मग धार टिकत नाही.

आता पाठ, म्हणजे पात्याची सपाट बाजू. जाड काचेवर पाण्याचा पॉलिश पेपर चिकटवा, 240 नंबरपासून 1000 पर्यंत जा. पूर्ण पाठ चकचकीत करण्यात लोक दिवस घालवतात. धारेकडचा 20 मिलिमीटर भाग सपाट झाला तरी पुरे. मग उतार, म्हणजे धारेकडची तिरकी बाजू, 25 अंशांचा. कोनमापक नसेल तर उताराची लांबी पात्याच्या जाडीच्या सव्वादोन ते अडीचपट ठेवा. पाठीकडून बोट बाहेरच्या दिशेने फिरवल्यावर पूर्ण रुंदीत बारीक खरखर लागली, की कडेपर्यंत पोचलात. एका कोपऱ्यात लागली नाही तर तो कोपरा अजून बोथट आहे. पाठ सपाट टेकवून ती खरखर काढा आणि मऊ लाकडाच्या टोकाच्या बाजूवर, म्हणजे रेषा तुटतात तिथे, एक पातळ काप घ्या. काप गुळगुळीत, किंचित चकाकणारा आला तर धार झाली. भुगा पडून पांढुरके ठिपके दिसले तर नाही झाली.

रंध्याच्या पात्यावरची पट्टी धारेपासून साधारण एक मिलिमीटर मागे बसवा. दोघांमध्ये फट राहिली की तिथेच ढलप्या अडकतात, आणि आपण उगाच लाकडाला दोष देतो.

एक गोष्ट खरंच बदललेली असते, ती म्हणजे नजर. पेन्सिलीऐवजी चाकूने रेघ मारा आणि दिवा बाजूने, खाली ठेवा. रेघेत सावली पडते, ती दिसते आणि पटाशीची धारही त्यात आपोआप बसते.

मग टाकाऊ तुकड्यांवर कुसू-खाचेचे पाच सांधे करा, म्हणजे एका तुकड्याच्या टोकाची जीभ (कुसू) दुसऱ्याच्या खाचेत बसवायची. कुसवाची जाडी लाकडाच्या एक तृतीयांश: 24 मिलिमीटरच्या पट्टीला 8. खाच आधी, कारण तिची रुंदी पटाशीच ठरवते. कुसू नंतर तिच्या मापाने तासता येतं. करवत रेघेवर नाही, रेघेच्या टाकाऊ बाजूला. कुसू हाताच्या दाबाने आत जायला हवं. हातोडा लागला तर खाच फाटेल, उलटं धरल्यावर आपसूक पडलं तर फेव्हिकॉल ती फट भरून काढणार नाही.

पाचवा सांधा चिकटवून वाळू द्या आणि उभा चिरून पाहा: खांदे (कुसवाच्या मुळाशी दोन्हीकडे असलेल्या पायऱ्या) नीट टेकलेत का, खाचेच्या भिंती सरळ आहेत की मधे फुगल्यात, तळाशी चिकटपदार्थासाठी एक-दोन मिलिमीटर जागा उरलीय का.