बिनदुधाचं चॉकलेट शोधण्यात गेलेले तीन आठवडे

माझ्या मुलाला दुधाची ॲलर्जी आहे. दूध पचत नाही असं नाही, दुधातल्या प्रथिनांचीच ॲलर्जी. हा फरक गेल्या चार वर्षांत मी इतक्या जणांना सांगितलाय, तरी कुणी ना कुणी "मग लॅक्टोज-फ्री द्या ना" म्हणतंच. अहो, ते गाईचंच दूध असतं. त्यातली साखर तेवढी आधीच मोडलेली असते, प्रथिनं जशीच्या तशी.

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा सुरू झाली आणि सकाळी सव्वासातच्या बसआधी त्याच्या पोटात काही जाईना. पोहे नको, उपमा नको. वर्गातल्या मुलाकडून ऐकून आला आणि एकच धोशा, "आई, मला चॉकलेटवालं दे." म्हटलं ठीक आहे, फळं घालून, दुधाशिवाय, दाटसर चॉकलेट स्मूदी करून देऊ. फळं आणि मिक्सर यांचं गणित एका रविवारात बसलं. तीन आठवडे खाल्ले ते चॉकलेटने.

पहिल्या दुकानात दुधात घालून प्यायच्या चॉकलेट पावडरीचा डबा मिळाला. मागे वाचलं तर आधी साखर, मग कोको, मग मिल्क सॉलिड्स. दुसऱ्या दुकानात काकांनी डार्क चॉकलेटची वडी काढली. "घ्या ताई, डार्क आहे, यात दूध नसतं." होतं. डार्क म्हणजे कोको जास्त, दूध नाहीच असा त्याचा अर्थ नाही. हिरव्या ठिपक्यावरही जाऊ नका. तो शाकाहाराचा आहे, आणि आपल्याकडे दूध शाकाहारीच.

मग केकचं सामान मिळतं त्या दुकानात एक पाकीट सापडलं. हॉट चॉकलेटचं तयार मिश्रण, पुढे ठळक अक्षरांत 'नॉन-डेअरी'. मला इतका आनंद झाला की मी दोन पाकिटं घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी केळं घालून फिरवलं, त्याने चार घोट घेतले. दहा मिनिटांत कोपरापाशी गांधी उठल्या, खालचा ओठ सुजला. डॉक्टरांनी लिहून दिलेलं औषध घरात असतंच, ते दिलं. श्वास नीट होता, तरी सूज उतरेपर्यंत तासभर त्याला मांडीवरून खाली ठेवलं नाही. शाळा बुडाली.

नंतर ते पाकीट ओट्यावरच्या दिव्याखाली धरलं. घटकांची यादी मागच्या शिवणीवर छापलेली. शिवण दुमडून चिकटवलेली, शेवटच्या दोन ओळी घडीच्या आत. कात्रीने घडी उलगडली तेव्हा दिसलं: सोडियम केसिनेट. केसिन म्हणजे दुधातलं मुख्य प्रथिन. पावडरीला दुधासारखा दाटपणा यावा म्हणून ते घालतात, आणि तरी पुढे 'नॉन-डेअरी' लिहितात. 'कंटेन्स मिल्क' ही ओळही होती, त्याच घडीत. नियमाने ती लिहिली, पण आईला दिसणार नाही अशा जागी लिहिली. कंपनीला फोटोसकट मेल केला. पंधरा दिवसांनी उत्तर आलं की सर्व माहिती पाकिटावर उपलब्ध आहे. ती कापलेली पट्टी मी अजून जपून ठेवली आहे, आणि राग अजून गेलेला नाही.

तेव्हा आधी मागची बाजू, मग पुढची. मिल्क सॉलिड्स, व्हे, केसिनेट, बटर ऑइल, यांतलं काहीही दिसलं की पाकीट परत. हिरव्या चौकटीतलं व्हीगन चिन्ह असेल तर उत्तम, पण ॲलर्जी असेल तर त्यावरही थांबू नका, 'मे कंटेन' ही ओळ शोधा, कारण एकाच यंत्रावर दुधाचा मालही बनत असू शकतो. सुटी, दुकानात भरलेली कोको पावडर स्वस्त मिळते, ती घेऊ नका, तिला मागची बाजूच नसते.

शेवटी मिळाली ती साधी, बिनसाखरेची कोको पावडर. घटक दोनच: कोको आणि ५०१ नंबरचं काहीतरी. त्या नंबरनेही एक रात्र झोप उडवली. तो पोटॅशियम कार्बोनेट निघाला, कोकोचा आंबटपणा मारून रंग गडद करणारा क्षार. दुधाशी संबंध नाही.

आता कृती. दोन पेल्यांसाठी दहा-बारा काजू रात्री भिजवते. सकाळी चटणीच्या भांड्यात अगदी थोड्या पाण्यात लोण्यासारखे वाटते, मग मोठ्या भांड्यात एक वाटी पाणी, गोठवलेलं एक केळं, दोन पिकलेले चिकू, दोन बिया काढलेले खजूर. साखर लागत नाही. चिकू आणि कोको यांचं जे जमतं ते स्ट्रॉबेरीचंही जमत नाही, आणि घोलवडचे चिकू मिळाले तर विचारूच नका. कोको एक मोठा चमचा, पण थेट टाकायचा नाही, गुठळ्या होऊन वर तरंगतो. तीन चमचे कढत पाण्यात आधी घोटून घ्या, वासही खुलतो.

नारळाचं दूध करून पाहिलं होतं, सोलकढीसाठी काढतो तसं पहिलं दाट. गोठलेल्या केळ्याशी गाठ पडताच त्यातलं तेल थिजलं, जिभेवर मेणासारखं बसलं. नारळच हवा असेल तर दुसरं, पातळ दूध घ्या आणि केळं साधं.

चिकूच्या बिया मोजून काढा, एक राहिली तरी कडू लागतं. केळ्याच्या चकत्या स्टीलच्या ताटलीत सुट्या पसरून गोठवा, नाहीतर गोळा होतो आणि मिक्सर तापतो. आणि हो, चिमूटभर मीठ, हे मला फार उशिरा सुचलं.

काल तो पेला पालथा करून दाखवत म्हणाला, "उद्या खजूर तीन घाल."