सरांनी खोडलेली ओळ

मंगळवार, रात्र. लाइट आत्ता आले. जळगावचा मे, दहा वाजून गेले तरी गच्चीची फरशी पायाला चटका देतेय.

सकाळी ऑपरेशन थिएटरात, आमच्या ओटीत, मोठे सर स्वतःहून थांबले. ब्लेड हातात घेण्याआधी म्हणाले, "वाचा सिस्टर." म्हणजे ऑपरेशनची सुरक्षा यादी. या दोन शब्दांसाठी मी सहा महिने डोकं फोडतेय.

क्वालिटीचं काम गळ्यात पडल्यापासून काय नाही केलं? परिपत्रकं काढली, पोस्टरं लावली, सह्या घेतल्या. सह्या सगळ्यांच्या झाल्या. ऑपरेशन उरकल्यावर चहा पिता पिता चौकटींत टिका मारायच्या आणि कागद फाइलीत! सर म्हणायचे, "पंचवीस वर्षं हर्निया करतोय, उजवा-डावा मला कळत नाही?" कळतो हो. पण दिवसाला सहा केसेस, बाहेर ओपीडी तुंबलेली, मधेच फोन. त्या घाईत कळणाराही चुकतो.

जागतिक आरोग्य संघटनेची ती यादी २००८ ची, १९ मुद्द्यांची. तीन थांबे: भूल देण्याआधी, चीर देण्याआधी, पेशंट ओटीबाहेर नेण्याआधी. खाली बारीक अक्षरात लिहिलंय, आपल्या पद्धतीप्रमाणे बदल जरूर करा. ती ओळ मीच इतके दिवस नीट वाचली नव्हती. गेल्या महिन्यात कागद सरांपुढे ठेवला. "सर, हा आपल्या ओटीला बसत नाही. तुम्हीच दुरुस्त करून द्या."

सर दोन दिवस तो खिशात घेऊन फिरले. परत आला तो लाल पेनाने एक मुद्दा वाढवून: "जनरेटर चालू करून पाहिला का?" हे खान्देशात उन्हाळा काढलेल्यालाच सुचणार.

आणि एक ओळ खोडलेली. प्रत्येकाने आपलं नाव आणि काम सांगायचं, ती. "रोज एकमेकांची तोंडं बघतो, नावं कसली सांगता?" बाकीचं पदरात पडतंय म्हणून मी गप्प बसले.

चुकलंच. आज टाके घालण्याआधी मोजणीत एक गॉज, रक्त टिपायचा कापडाचा तुकडा, कमी भरला. शहाद्याकडची ती नवी पोरगी सरांना सांगेना, माझ्याकडे बघत पुटपुटली, "मॅडम, एक कमी आहे." मीच म्हटलं, सर थांबा. गॉज बादलीच्या कडेला चिकटलेला निघाला. सर चिडलेही नाहीत. पण मी तिथे नसते तर? सुरुवातीला नाव सांगायला एकदा तोंड उघडलं असतं, तर नंतर ते इतकं जड गेलं नसतं.

नाहीतर बायकांच्या वॉर्डातली आजी! छोटे डॉक्टर शेजारच्या खाटेवरून थेट तिच्याकडे वळले, तर म्हणते, "भाऊ, हात धुयात का?" ते मुकाट्याने बेसिनकडे गेले. आजीला कोणी ट्रेनिंग दिलं होतं?

उद्या नऊला पहिली केस. झेरॉक्स संपल्यात, नव्या काढायच्यात. ती ओळ गुपचूप परत टाइप करावी, की चहाच्या वेळी सरांनाच विचारावं, "सर, त्या नव्या पोरीचं नाव काय हो?"