आठ नोटांवरचा रिजेक्ट शिक्का

आमच्या बँकेच्या शाखेत करन्सी चेस्ट, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या नोटांचा साठा ठेवायची तिजोरी आहे. त्यामुळे आसपासच्या गावांतल्या फाटक्या, कुरतडलेल्या नोटा फिरून फिरून माझ्याच टेबलावर येतात. नोटेचे पूर्ण पैसे द्यायचे, अर्धे की काहीच नाही, हे मी ठरवते. 'दोन्ही नंबर दिसले पाहिजेत' असं बाजारातले बट्टेवाले, म्हणजे फाटक्या नोटा कमी पैशांत घेणारे, सांगतात. आमचे काही कॅशियरसुद्धा तेच सांगून माणसं परत पाठवतात, याची चीड येते. रिझर्व्ह बँकेचा २००९ चा नियम (२०१८ मध्ये त्यात सुधारणा झाली) नंबर बघत नाही, उरलेलं क्षेत्रफळ बघतो. नवी पाचशेची नोट ९९ चौरस सेंटिमीटरची. सलग तुकडा ८० भरला तर पूर्ण पाचशे, ४० ते ८० च्या मध्ये अडीचशे, ४० च्या आत शून्य. दोन तुकडे एकाच नोटेचे असतील आणि दोन्ही किमान ४० चे असतील, तरीही पूर्ण पाचशे. चौकटी छापलेला पारदर्शक कागद नोटेवर ठेवून मी घरं मोजते. या कामात माझा हात धरणारं आमच्या शाखेत कुणी नाही.

त्या दिवशी एक मावशी आल्या. सार्वजनिक शौचालय साफ करतात, ठेकेदाराकडे. साठवलेले पैसे लाकडी देव्हाऱ्याच्या खणात होते, त्याला वाळवी लागली. पिशवी उघडताच काउंटरवर माती सांडली आणि कॅशियर खुर्चीसकट मागे सरकला. "बाहेर झटकून आणा," म्हणाला. झटकून! त्या मातीतच नोटा होत्या. मी त्यांना माझ्या टेबलाशी बोलावलं. खुर्ची दिली तरी बसेनात. "कापडं घान हायेत," म्हणाल्या. मी मोजायला सुरुवातच केली नाही, तेव्हा कुठे टेकल्या.

आणि नेमके तेव्हाच मॅनेजर साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. एका बांधकाम व्यावसायिकाची पाचशेची एकच नोट, कपड्यांबरोबर मशीनमध्ये धुतली गेलेली. चहा झाला, बिस्किटं झाली. मी कागद लावला. ७६ भरले. म्हणजे अडीचशे. "अहो, पैशांचा प्रश्न नाहीये," असं ते व्यावसायिक तीनदा म्हणाले. साहेब माझ्याकडे बघत राहिले, मी कागदाकडे. शेवटी साहेबांनी उरलेले अडीचशे स्वतःच्या पाकिटातून काढून दिले, आणि त्या गृहस्थांनी ते घेतले!

परत आले तर मावशी तशाच टेकलेल्या. ब्रशने माती झटकत एकेक नोट सोडवली. ३१ निघाल्या. प्रत्येक नोट त्यांच्यासमोर ठेवून दाखवलं, ही एवढी उरलीय, म्हणून एवढे. खरं तर असं दाखवायची पद्धत नाही. आतल्या खोलीत मोजायचं आणि आकडा सांगायचा, हा रिवाज. चारपाच नोटांनंतर मावशींना हिशेब कळला आणि त्या माझ्याआधीच "ही निम्मी", "ही गेली" म्हणायला लागल्या. एका नोटेचे दोन तुकडे त्यांनीच किनारी जुळवून पुढे केले. ४३ आणि ४५. पूर्ण पाचशे. पूर्ण १४, अर्ध्या ९, रिजेक्ट ८. साडेपंधरा हजारांचे ९,२५० झाले.

मागून साहेब म्हणाले, "एका बाईला एवढा वेळ?"

रिजेक्ट झालेल्या नोटाही परत देता येत नाहीत, बँकेकडेच राहतात. हे सांगणं मला सगळ्यात जड गेलं. साहेबांसारखं पाकीट काढावं, असं एकदा मनात आलं. पण त्या बाई पै-पैचा हिशेब समजून घेत होत्या, मला काही मागत नव्हत्या. त्यांच्या हातावर वर काही ठेवणं बरं दिसलं नसतं. की दिसलं असतं? अजून ठरत नाही.

"ह्या आठांचं काय करता?" त्यांनी विचारलं.

"रिझर्व्ह बँकेत पाठवतो. तिथं मशीन बारीक भुगा करतं."

त्यांनी पिशवी उलटी करून उरलेली मातीही माझ्या कागदावर झाडली.

"मंग वाळवीनं निम्मं काम करूनच दिलंय की तुमचं."