धातूंची वही: ‘एक्सप्लोड’ची फांदी लागली

लॅटिन ‘प्लाउदेरे’ या धातूपासून निघालेल्या इंग्रजी शब्दांचं झाड लावायला घेतलंय. ‘अप्लॉड’ आणि ‘अप्लॉज’ चटकन बसले, तिथे टाळ्यांच्या टाळ्याच राहिल्या आहेत. रेंगाळलो ते ‘एक्सप्लोड’पाशी, आणि रेंगाळल्याचं चीज झालं.

‘एक्स’ म्हणजे बाहेर, ‘प्लाउदेरे’ म्हणजे टाळ्या पिटणे. दोन्ही मिळून ‘एक्सप्लोदेरे’: टाळ्या पिटून, गलका करून नटाला रंगमंचावरून पळवून लावणे. थोडक्यात, हुर्यो उडवणे. रोमन वक्ता सिसेरो एके ठिकाणी म्हणतो की नट तालाबाहेर जरा हलला, किंवा पद्यात एक अक्षर कमीजास्त झालं, की शिट्ट्या आणि टाळ्यांनी त्याला घालवतात. तिथे हेच क्रियापद आहे. एका अक्षरासाठी! काय कान असतील त्या लोकांचे.

‘आउ’चा ‘ओ’ कसा झाला, हा प्रश्न येणारच. लॅटिनच्या बोलीत हे सर्रास व्हायचं. क्लाउदियुसचा क्लोदियुस होतो तसं. रोमन चरित्रकार सुएतोनियुसने वेस्पासियान बादशहाचा एक किस्सा दिलाय. फ्लोरुस नावाच्या बड्या असामीने त्याला टोकलं की गाड्यांना ‘प्लोस्त्रा’ नव्हे, ‘प्लाउस्त्रा’ म्हणावं. दुसऱ्या दिवशी बादशहाने त्याला ‘या, फ्लाउरुस’ अशी हाक मारली. ग्रीकमध्ये त्याच्या जवळचा शब्द ‘टाकाऊ’ या अर्थाचा आहे, म्हणजे टोमणा दुहेरी.

इंग्रजीत हे क्रियापद सोळाव्या शतकात आलं ते ‘धुडकावणे’ या अर्थाने. जॉन्सनचा 1755 चा शब्दकोश उघडा: अपमान करून, आवाज करून हाकलणे, असेच अर्थ सापडतात. आज आपल्याला पहिला सुचणारा अर्थ, धडाम्‌कन फुटणे, त्यात नाही. म्हणून ‘एक्सप्लोड अ मिथ’ हा प्रयोग मला फार आवडतो. वाचताना डोळ्यांपुढे सुरुंग येतो खरा, पण तो प्रयोग सुरुंगाच्या आधीचा. एखाद्या समजाला नटासारखं मंचावरून उतरवणं, एवढाच त्याचा मूळ रोख.

व्याकरणातला बदलही टिपून ठेवण्यासारखा आहे. जुन्या अर्थात कर्म हवंच, कुणीतरी कुणाला तरी हाकलायचं. नव्या अर्थात बॉम्ब आपला आपण एक्सप्लोड होतो, राग होतो, लोकसंख्या होते. ‘बाहेर’ आणि ‘आवाज’ टिकले. हात आणि प्रेक्षक मात्र गळाले.

या खेपेची खरी कमाई म्हणजे ‘डिस्प्लोड’. ‘फटकन फुटणे’ या अर्थाचं ‘दिस्प्लोदेरे’ लॅटिनमध्ये होतंच. रोमन कवी होरेसने ते फुटलेल्या फुग्यासाठी, म्हणजे जनावराच्या मूत्राशयासाठी, वापरलंय, आणि उपमा कशाला दिलीय ते इथे न लिहिलेलंच बरं. इंग्रज कवी मिल्टनने 1667 च्या ‘पॅरडाइज लॉस्ट’मध्ये तोफांच्या भडिमारासाठी ‘डिस्प्लोड’ घातलं. म्हणजे फुटण्याचं काम करायला इंग्रजीकडे वेगळं क्रियापद होतं. ते मागे पडलं आणि त्याची जागा ‘एक्सप्लोड’ने घेतली. एकाचा अर्थ दुसऱ्याला चिकटला असावा, असा माझा अंदाज. अंदाजच म्हणून वहीत लिहिलाय.

बाकीच्या डहाळ्या भराभर: ‘इम्प्लोड’, म्हणजे आतल्या आत कोसळणे, हे एकोणिसाव्या शतकात ‘एक्सप्लोड’च्या साच्यातून पाडलेलं, त्यात टाळी कधी वाजलीच नाही. ध्वनिशास्त्रातलं ‘प्लोझिव्ह’, म्हणजे प, त, क यांसारखे स्पर्श वर्ण, हे ‘एक्सप्लोझिव्ह’चं डोकं उडवून केलेलं. ‘ड’चा ‘झ’ होतो तो लॅटिन कृदंतामुळे: ‘प्लाउद’चं ‘प्लाउस’, तसं ‘प्लोद’चं ‘प्लोस’. ‘डिव्हाइड’ आणि ‘डिव्हिजन’मध्ये हीच जोडी दिसेल.

आता राहिलंय ‘प्लॉझिबल’. ‘टाळ्या घेण्याजोगं’पासून ‘वरवर पटणारं’पर्यंत ते कसं घसरलं, त्याची उदाहरणं जमवतोय. आणि रखडत चालण्याचं ‘प्लॉड’ कुणी सुचवणार असाल तर आधीच सांगतो, रूप सारखं असलं तरी त्याला या झाडावर जागा नाही.