'पाचिंको' वाचताना जवळ एक कागद ठेवा

मिन जिन ली यांच्या 'पाचिंको' (२०१७) या जपानात गेलेल्या कोरियन कुटुंबाच्या कादंबरीत वाचक अडखळतो तो नावांपाशी. म्हणून सुरुवातीलाच कागदावर तीन रकाने आखा: कोरियन नाव, जपानी नाव, जन्मस्थळ. घरात नोआ म्हणवणारा मुलगा शाळेत नोबुओ असतो. आडनाव बेक, त्याचं जपानीत बोकु, शिवाय कागदोपत्री बांदो. ही लेखिकेची हौस नव्हे. १९१० साली जपानने कोरिया गिळला आणि १९४० पासून जपानी धाटणीची नावं लादली. कुटुंब ख्रिस्ती आहे, त्यामुळे पहिली नावं मात्र ओळखीची निघतात. इसाक, योसेब, नोआ, मोझासू, सॉलोमन म्हणजे मराठी बायबलातले इसहाक, योसेफ, नोहा, मोशे आणि शलमोन.

कथा काळाच्या क्रमानेच चालते, १९१० ते १९८९. बुसानच्या येओंगदो बेटावर कोळी भाडेकरूंना जेवूखाऊ घालणारं घर, मग ओसाकातली इकाइनो वस्ती, पुढे योकोहामा. कादंबरीवरची टीव्ही मालिका बघून आलेल्यांनी तिथला मागे-पुढे जाणारा क्रम विसरावा.

एकच साल पाठ करायचं तर १९५२. त्या वर्षी २८ एप्रिलला दुसऱ्या महायुद्धानंतर जपानशी झालेला सॅन फ्रान्सिस्को शांतता तह लागू झाला आणि तोवर जपानी प्रजा मानलेले, जपानमध्येच राहणारे कोरियन रातोरात परके ठरले. तिथे नागरिकत्व जन्मभूमीवर नाही, रक्तावर ठरतं. तिसऱ्या रकान्याचा उपयोग इथे कळतो. सॉलोमनच्या नावापुढे जपान, त्याच्या बापाच्या, म्हणजे मोझासूच्या, नावापुढेही जपान, तरी चौदाव्या वाढदिवसाला पोराला परदेशी म्हणून नोंदणी करून बोटांचे ठसे द्यावे लागतात. माझ्या मते कादंबरीचा जीव या प्रसंगात आहे. तो सावकाश वाचा.

कंपन्या आणि सरकारी नोकऱ्या बंद, म्हणून अनेक कोरियन पाचिंको या जुगारवजा यंत्रखेळाच्या धंद्यात आले. ११ मिलिमीटरच्या पोलादी गोळ्या खिळ्यांच्या जाळीतून घरंगळतात. खिळे हातोडीने किंचित वाकवले की गोळीची वाट बदलते आणि खेळणाऱ्याला मिळणारा परतावाही. रोख पैशांचा जुगार कायद्याने बंद, त्यामुळे जिंकलेल्या गोळ्यांवर बक्षीस घ्यायचं आणि ते बाहेरच्या वेगळ्या खिडकीवर विकायचं. मोझासू यात रमतो. त्याच्या भावाला मात्र हा धंदा नकोसा वाटतो. वासेदा विद्यापीठात इंग्रजी साहित्य शिकलेला नोआ पुढे नागानोत जपानी म्हणून राहतो, आणि हिशेब लिहितो ते पाचिंकोच्याच दुकानाचे. कागदावर त्याच्यापुढे आणखी एक नाव लिहावं लागतं: नोबुओ बान.