पंचगंगेच्या पायऱ्यांवर आई

आईचं माहेर खटाव तालुक्यातलं, औंधच्या जवळचं. यमाईच्या मूळपीठाच्या पायऱ्या लहानपणी ती अनवाणी चढायची, हे आम्ही भावंडांनी शंभरदा ऐकलंय. आता तिचं वय 74, गुडघे साथ देत नाहीत. तरी गेल्या कार्तिकात काशीला पंचगंगा घाटाच्या पायऱ्या ती चढून गेली. बिंदुमाधवासाठी, म्हणजे तिथल्या विष्णूसाठी. मला खरं तर तेवढंच सांगायचंय, पण बाकीची काशीही थोडी येईलच.

पहिल्या दिवशी विश्वनाथ. मोबाइल, पर्स सगळं लॉकरमध्ये ठेवून रांगेत उभं राहिलो. 2021 पासून गंगेच्या बाजूनं थेट देवळाच्या आवारात येता येतं, त्यामुळे आईचं चालणं वाचलं. देऊळ तसं लहान. चांदीनं मढवलेल्या चौकोनी कुंडात पिंड, आणि समोर उभं राहायला मिळाले ते मोजून चार-पाच श्वास. हे देऊळ अहिल्याबाईंनी बांधलं, 1780 मध्ये. कळसावरचं सोनं नंतर महाराजा रणजितसिंहांनी दिलं. शेजारच्या ज्ञानवापी विहिरीवरचा खांबांचा मंडप 1828 मध्ये बायजाबाई शिंद्यांनी उभारला. दोघी नवऱ्यामागे राहिलेल्या बायका, दोघींची कामं काही पावलांवर. आवारातल्या अहिल्याबाईंच्या पुतळ्यापाशी आई थांबली, चपला नव्हत्याच पायांत, तिनं वाकून नमस्कार केला आणि बराच वेळ तिथून हलली नाही. गाभाऱ्यात जी घाई झाली होती ती तिनं इथं भरून काढली.

दुसऱ्या दिवशी पहाटे अस्सी घाटावरून नाव केली. काशीत गंगा उत्तरेकडे वाहते, म्हणजे नाव उत्तरेला निघाली की उजवीकडे सूर्य उगवतो आणि डावीकडे घाट एकेक करून उजळत जातात. ज्यांना चालवत नाही अशा वडीलधाऱ्यांना घेऊन जाणार असाल तर आरतीच्या गर्दीपेक्षा ही पहाट निवडा. घाटांची नावं भिंतींवर मोठ्या अक्षरांत रंगवलेली आहेत. आई चष्मा लावून वाचत होती. अहिल्याबाई. दशाश्वमेध. मणिकर्णिका आली तेव्हा तिनं नुसते हात जोडले, चिता जळत होत्या, नावाड्यानंही बोलणं थांबवलं.

पुढे सिंधिया घाट, म्हणजे आपल्या शिंद्यांचा. तिथं रत्नेश्वराचं देऊळ पाण्याच्या कडेला एका बाजूला कललेलं आहे. पावसाळ्यात त्याचा गाभारा पाण्यात असतो, नंतर गाळ उपसावा लागतो. नावाड्यानं गोष्ट सांगितली : कुणा एकानं आईसाठी हे देऊळ बांधलं आणि ‘माझं मातृऋण फिटलं’ असं म्हणाला, तसं ते कललं. आई म्हणाली, "आईनं कधी मागितलं होतं का त्याच्याकडं काही? हिशेब याचा यानंच मांडला." नावाड्याला मराठी कळलं नसावं, पण तिच्या सुरावरून त्यानं मान हलवली.

मग भोसले घाट आला, नागपूरकरांचा. ग्वाल्हेर घाट आला. आणि पंचगंगा. गंगा, यमुना, सरस्वती, किरणा आणि धूतपापा या पाच नद्यांचा इथं संगम मानतात. दिसते अर्थात एकच.

"माताजी, आराम से," म्हणत नावाड्यानं हात दिला. पायऱ्या उभ्या आहेत, खरोखरच उभ्या. दहा चढायच्या, टेकायचं, पुन्हा दहा. वर मशीद दिसते. बिंदुमाधवाचं जुनं मोठं देऊळ औरंगजेबाच्या काळात पाडलं गेलं, त्या जागेवरची ती. आजचा बिंदुमाधव शेजारीच एका वाड्यासारख्या इमारतीत आहे. बाहेरून देऊळ वाटतच नाही, विचारल्याशिवाय सापडत नाही. आणि ते बांधलं औंधच्या पंतप्रतिनिधींनी, म्हणजे तिथल्या संस्थानिकांनी. हे मी आईला मुद्दाम आधी सांगितलं नव्हतं.

आत गेल्यावर सांगितलं. ती चटकन म्हणाली, "आपल्या औंधच्या पंतांनी?" मग खांबाला हात लावून उभी राहिली. जणू माहेरच्या घराचा खांब. "मूळपीठाच्या पायऱ्या चढताना आजी म्हणायची, काशीला जायचं राहिलं माझं," एवढंच बोलली. काळ्या मूर्तीसमोर आम्ही दोघीच होतो. घाई करायला कुणी नव्हतं. तिनं आजीच्या नावानं एक तुळशीचं पान वाहिलं.

याच काशीत नाथांनी एकनाथी भागवत, म्हणजे भागवताच्या एकादशस्कंधावरची मराठी टीका, पुरं केलं, 1573 च्या कार्तिकी पौर्णिमेला. पैठणचा माणूस इतक्या लांब येऊन संस्कृत पंडितांच्या गावात मराठी ओव्या लिहीत बसतो, याचं मला फार अप्रूप आहे. एकादशस्कंधाच्या ओव्या आईच्या रोजच्या वाचनातल्या. परतीच्या पायऱ्या उतरताना तिच्या ओठांवर त्याच होत्या.

दुपारी स्टेशनजवळचं भारतमाता मंदिर पाहिलं. 1936 मध्ये गांधीजींनी त्याचं उद्घाटन केलं. आत मूर्ती नाही, संगमरवरात कोरलेला अखंड हिंदुस्थानचा उठावाचा नकाशा आहे. हे मंदिर बांधणाऱ्या शिवप्रसाद गुप्तांना ही कल्पना सुचली ती पुण्याजवळ महर्षी कर्व्यांच्या आश्रमातला तसाच मातीचा नकाशा पाहून. बहुतेक सहली इथं थांबत नाहीत. तुम्ही थांबा.

संध्याकाळी आई म्हणाली, पुन्हा पंचगंगेवर जाऊ. कार्तिकभर तिथं आकाशदिवे लावतात. उंच बांबूंना वेताच्या टोपल्या टांगलेल्या, टोपलीत पणती, आणि दोरी ओढून ती वर चढवायची. या वेळी वरच्या गल्लीतून गेलो, म्हणजे चढ नको. एका मुलानं दोरी ओढली, टोपली हेलकावे खात वर गेली, ज्योत विझली नाही. अंधार पडेपर्यंत आई बघत बसली. मग माझा फोन मागून तिनं शेजारच्या वहिनींना लावला.

"आमचा आकाशकंदील उतरवू नका हं," ती म्हणाली. "मी येईपर्यंत राहू दे, रोज लावा."