वलांडीवरून पार्सलपर्यंत : आमची वाटचाल

सुक्या मासळीचा धंदा काढायचा असं ठरवून काहीच झालं नाही हे आधीच सांगते. आमचं घर अलिबागजवळच्या एका कोळीवाड्यात, मिस्टरांची छोटी बोट, डोल लावतात. मी लग्न होऊन आले तेव्हापासून सासूबाईंच्या हाताखाली मासळी सुकवायला शिकले. बाजारात पाटी घेऊन बसायचं, उरलं ते सुकवायचं, आगोटीला, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर, पावसाची बेगमी करणारं गिऱ्हाईक यायचं, बस एवढंच.

बाहेरच्यांना डोल म्हणजे काय ते माहीत नसतं म्हणून थोडक्यात. समुद्रात खुंट ठोकून त्याला पिशवीसारखं जाळं बांधतात, तोंड मोठं आणि शेपटीकडे जाळी बारीक होत जाते. मासळीच्या मागे बोट पळवायची नसते, भरती-ओहोटीचं पाणीच तिला आत आणून घालतं आणि पाणी थांबलं की जाळं ओढायचं. अमावस्या-पुनवेला उधाण असतं म्हणून ओढ जोरात आणि मासळी जास्त, अष्टमीच्या आसपास भांग लागला की पाणी मंद, जाळं लुळं पडतं, त्या दिवसांत मिस्टर घरी आणि डोकं खायला आम्ही. बोंबील, जवळा (अगदी बारीक कोळंबी), मांदेली, करंदी ही सगळी डोलीचीच.

तर 2020 चा मार्च. आधी बोटी बंद, मग परवानगी आली तर मार्केट बंद. ओला बोंबील म्हणजे बहुतेक पाणीच, सकाळचा संध्याकाळपर्यंत टिकत नाही, मग विकायचा कुठे? सगळा वलांडीवर घातला. वलांडी म्हणजे बांबू उभे-आडवे बांधून दोरी ताणलेला मांडव, त्यावर दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून जोडी टाकायची. मे अखेरपर्यंत घरात गोणीवर गोणी. भाच्याने व्हॉट्सॲपला स्टेटस टाकलं आणि ठाण्याहून, पुण्याहून मेसेज यायला लागले. पण पोचवायचं कसं हा विचार करेपर्यंत 3 जूनला निसर्ग वादळ आलं. वलांडी गेली, घराचे पत्रे गेले, गोण्या भिजल्या. अर्ध्याहून जास्त माल नारळाच्या बुडात पुरला. त्या वर्षी नारळ मात्र झक्कास धरले, हसावं की रडावं!

पावसाळ्यानंतर पुन्हा उभं राहिलो, व्हॅक्यूम मशीन आणलं, एफएसएसएआयचं, म्हणजे सरकारच्या अन्न सुरक्षा खात्याचं, रजिस्ट्रेशन केलं, आणि घाईघाईत पहिली अकरा पार्सलं पाठवली. आठ दिवसांत फोटो यायला लागले, पिशवीत पांढरी बुरशी! सगळ्यांचे पैसे परत केले. सासूबाईंनी एकच विचारलं, "मोरून (मोडून) बगलंस का?" नव्हतं बघितलं. बोंबील मोडला की काटा कट्ट वाजला पाहिजे आणि डोक्याजवळच्या जाड भागात बोट दाबलं तर दबायला नको. वरून कडक दिसतो पण तिथे ओल राहते आणि हवाबंद पिशवीत ती बरोबर वर येते. आता प्रत्येक लॉटमधले पाच-सहा मी स्वतः मोडते, मग तो मोडका माल आमच्याच चटणीत.

त्या नादात एक सिझन सोलर ड्रायर पण वापरून बघितला. जवळा मस्त झाला, पण बोंबील वरून कडक आणि आतून कच्चा, ऊन जास्त झालं की तो सुकायच्या आधी शिजतो. सासूबाई म्हणतात मासळी वारा सुकवतो, ऊन नुसतं मदतीला. थंडीत पहाटे जमिनीकडून मतलई सुटते ना, तो कोरडा वारा खरा कामाचा. दुपारी खारा वारा चालू झाला की चिकट होतं सगळं.

जवळा पूर्वी शेणाने सारवलेल्या अंगणात पसरायचो, गिऱ्हाइकाची तक्रार एकच, दाताखाली कचकच. आता मांडव करून त्यावर बारीक जाळी, पाखडून दोनदा चाळतो. भाव थोडा जास्त पडतो त्यामुळे, घासाघीस करू नका प्लीज. बोंबील, जवळा, सोडे (सोलून सुकवलेली कोळंबी) यांना आम्ही मीठ लावत नाही. मीठ फक्त खाऱ्या बांगड्याला आणि सुरमईला, पोट साफ करून चिरायचं, खडा मीठ भरून थरावर थर, वर वजन. मासळीचंच पाणी सुटून वर येतं, त्यात दोन रात्री ठेवून मग उन्हात. माश्या बसू नयेत म्हणून काही लोक फवारणी करतात असं ऐकतो, आमच्याकडे मच्छरदाणी आणि पहाऱ्याला सासूबाई, मांजराचं पण काही चालत नाही.

सगळ्यात जास्त छळलं ते कुरियरवाल्यांनी. एकाने वासावरून पार्सल अर्ध्या वाटेतून परत पाठवलं आणि वर परतीचे पैसे लावले. बोंबलाच्या दातांनी पिशवीला भोकं पडायची, तिथून वास. आता डोकं काढून, कागदात गुंडाळून डबल पिशवी करतो. ज्यांना डोक्यासकट हवेत त्यांनी घरी येऊन न्यावे.

पहिल्या पावसात खूप जण वलगणीचे मासे मिळतील का विचारतात. शेताच्या पाण्यावर चढणारी ती मासळी गाबोळीने भरलेली असते, आमच्या लहानपणी चुलीवर धुरीला टांगायचे, चव अजून आठवते. पण आम्ही विकत नाही आणि विकणारही नाही, अंडी घालायला निघालेली मासळी पार्सलात कसली भरायची.

आजच्या घडीला मी, जाऊबाई आणि शेजारच्या चार बायका, सोडे सोलायला सिझनला अजून दोघी. आमच्या एका बोटीचं पुरत नाही म्हणून वाड्यातल्या तीन बोटींचा माल घेतो. आगोटीच्या ऑर्डर 20 मे पर्यंत. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, त्यानंतर असेल तेवढाच स्टॉक, आणि सोडे तर त्याच्या आधीच संपतात.